घरात तीन कुत्री, तरी चिंगी एकटी : सेपरेशन अँग्झायटीवर घरच्या घरी काय करता येतं

शेजारच्या काकूंनी एका संध्याकाळी मला फाटकाशीच थांबवलं. "अगं, तुम्ही गेलासा की तुमचं एक कुत्रं माणसागत रडतंय बघ. काळीज हलतंय ऐकून."

मी शाळेत शिकवते, हे गोकुळ शिरगावला एमआयडीसीत पाळीला जातात आणि सासूबाई निम्मा महिना गावाकडे असतात. त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस सकाळी साडेदहानंतर घरात फक्त कुत्री. पण ती तीन आहेत. म्हातारा मोत्या, सात वर्षांची चिंगी आणि २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला भिजून कुडकुडत असलेला सापडला तो वाघ्या. तिघं अंगाला अंग लावून झोपतात. मग यातल्या कुणाला एकटं वाटायचं कारणच काय, असं मला वाटत होतं.

हाच गैरसमज मी आता सगळीकडे ऐकते. कुत्रं एकटं रडतं म्हणून सोबतीला दुसरं आणलं, असं सांगणारे खूप भेटतात. माझं मत स्पष्ट आहे : एवढ्या एकाच कारणासाठी दुसरं कुत्रं आणू नका. सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे मागे एकटं राहण्याची धास्ती, बहुतेक वेळा माणूस नजरेआड होण्याची असते आणि कुत्र्याच्या सोबतीनं माणसाची जागा भरत नाही. उलट शांत कुत्रंही घाबरलेल्याचं बघून रडायला लागतं. आमच्याकडे तसंच झालं होतं.

आम्हाला यातून बाहेर यायला चार महिने लागले. ज्या क्रमानं आम्ही गेलो आणि जो क्रम आधी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं, तो खाली देते.

आधी मोबाईल लावून जा

जुना मोबाईल फ्रीजवर टेकवा, व्हिडिओ सुरू करा आणि नेहमीसारखे निघून जा. पहिला अर्धा-पाऊण तास चित्रित झाला तरी पुरे. ही धास्ती असलेलं कुत्रं साधारण पहिल्या अर्ध्या तासातच बिथरतं, त्यामुळे सगळं त्यात दिसतं.

आमचा पहिला व्हिडिओ मला अजून मिनिटामिनिटानं आठवतो. दार लागलं तशी चिंगी दाराच्या फटीला नाक लावून उभी राहिली. दीड मिनिट काहीच नाही. मग एक जांभई, ओठांवरून जीभ, पुन्हा जांभई. झोप आलेली नसताना कुत्रं लागोपाठ जांभया देतं तेव्हा त्याच्यावर ताण असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चौथ्या मिनिटाला बारीक कुंई ऐकू आलं. सहाव्या मिनिटाला तिनं मान वर करून असा हेल काढला की मी मोबाईल बंद करून ठेवला, नंतर पुन्हा बघितलं. वाघ्या उठला, तिचं तोंड हुंगलं आणि शेजारी उभा राहून तोही सुरू झाला. मोत्या दिवाणाखाली घोरत होता. आणि चिंगीसाठी ठेवलेली चिकनच्या पाण्यात कुस्करलेली भाकरी? तिनं तोंडही लावलं नाही. मी परत आल्यावर मात्र अर्ध्या मिनिटात थाळी चाटून पुसून साफ.

तेव्हा व्हिडिओ बघताना एवढं शोधा : सुरुवात कोण करतं, कितव्या मिनिटाला करतं, आणि आवडतं खाणं समोर असताना खातं का. खाणं सोडून दाराशी घुटमळणारं कुत्रं घाबरलेलं असतं. याउलट तासाभरानं उठून पायताण कुरतडणारं आणि मग पसरून झोपणारं कुत्रं बहुधा कंटाळलेलं असतं. त्याला फिरवून आणा, कुरतडायला काहीतरी द्या, काम होतं. घंटागाडी आली की भुंकून पुन्हा शांत होणाऱ्याला तर काहीच झालेलं नसतं.

आता घरात एकाहून जास्त कुत्री असतील तर आणखी एक गोष्ट शोधावी लागते : याला नेमकं कोण हवंय? तीन वेगवेगळ्या दिवशी तीन प्रयोग करा. एक दिवस तुम्ही बाहेर जा, पण घरात दुसरं माणूस असू द्या. एक दिवस सगळी माणसं बाहेर आणि सगळी कुत्री आत. एक दिवस बाकीची कुत्री फिरायला न्या आणि हे एकटं एका माणसासोबत घरी ठेवा. प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटंच, आणि रडायला लागलं की प्रयोग थांबवा. दुसरं माणूस असताना शांत राहिलं तर त्याला कुणीही माणूस चालतो. सासूबाई समोर असूनही तुमच्यासाठी दाराशी बसून राहिलं तर जीव एकाच माणसात अडकलाय. आणि माणूस जवळ असूनही दुसऱ्या कुत्र्यासाठी तडफडलं तर गाठ कुत्र्याशी आहे. त्याचा उपाय शेवटी सांगते. चिंगीला माणूस हवा होता, कुठलाही. वाघ्याला स्वतःला काहीच नव्हतं, तो चिंगीमुळे रडत होता. म्हणजे तीन कुत्र्यांच्या घरात उपचार एकाचाच करायचा होता.

दवाखान्याची फेरी चुकवू नका

घरात लघवी करणारं कुत्रं घाबरलेलंच असेल असं नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, सांधेदुखी, पोटाचा त्रास यांतही कुत्री अस्वस्थ होतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत मेंदू थकल्यामुळे रात्री-अपरात्री भरकटणं, विनाकारण भुंकणं सुरू होतं. तो व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवून डॉक्टरांना दाखवा. तुमच्या वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

त्रास जास्त असेल तर डॉक्टर औषध सुचवतात. फ्लुऑक्सेटीन आणि क्लोमिप्रामिन ही दोन औषधं कुत्र्यांच्या या त्रासावर जगभर वापरली जातात. ती गुंगीची औषधं नाहीत. पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात आणि सरावाशिवाय नुसत्या गोळीनं भागत नाही. पण धास्ती इतकी असेल की सराव सुरूच करता येत नाही, तर औषध नाकारून त्या जिवाला ताटकळत ठेवू नका, असं मी कळकळीनं सांगेन. घरातल्या माणसाची उरलेली गोळी मात्र कधीही देऊ नका. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

एक गोष्ट आवर्जून सांगायची. आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड झाले की अमिट्राझ असलेलं औषध पाण्यात घालून कुत्र्याला अंघोळ घालण्याची पद्धत आहे. वरच्या दोन्ही औषधांबरोबर अमिट्राझ चालत नाही, त्रास गंभीर होऊ शकतो. गोचिडांवर काय लावता ते डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगा.

सराव चालू असेपर्यंत पुन्हा रडू द्यायचं नाही

ही पायरी सगळ्यात जड जाते आणि बहुतेक लोक इथेच सोडून देतात. कुत्रं सकाळी पाच मिनिटांचा सराव शांतपणे करतं आणि दुपारी सहा तास एकटं राहून किंचाळतं, तर त्याच्या मनात किंचाळणंच पक्कं होतं. म्हणून सरावाच्या काळात, जमेल तितकं, त्या एका कुत्र्याला एकटं ठेवायचं नाही.

आम्ही घरात कॅलेंडर टांगलं आणि रोज कोण कधी घरी हे पेन्सिलनं लिहायला लागलो. यांची दुसरी पाळी असली की सकाळ भागायची. सासूबाईंनी गावाकडचा मुक्काम दोन महिने पुढे ढकलला. काकूंना विचारायला मला संकोच वाटत होता, पण त्या म्हणाल्या, "आण की हिकडं, माझ्याबी जिवाला सोबत." आठवड्यातले दोन दिवस चिंगी त्यांच्या सोप्यात भाजी निवडताना शेजारी बसायची. ज्यांना असं कुणीच नाही त्यांनी कॉलेजात शिकणाऱ्या ओळखीच्या पोराला दुपारचे चार तास घरी येऊन अभ्यास कर म्हणावं. चहा-नाष्टा आणि थोडे पैसे. तेही जमलं नाही तर निदान एकटेपणाचे तास कमी करा आणि औषधाविषयी डॉक्टरांशी लवकर बोला.

या काळात तीन गोष्टी करू नका. साखळीला बांधून जाऊ नका. घाबरलेलं कुत्रं साखळीत पाय अडकवतं आणि बाकीची कुत्री मोकळी असतील तर जास्तच धोका. पिंजऱ्यात कोंडू नका. जी आधीच घाबरतात ती गज चावून दात आणि नखं मोडून घेतात. आणि परत आल्यावर रागावू नका. फाडलेली उशी दाखवून ओरडलात की ते कान पाडून कोपऱ्यात जातं, तेव्हा "त्याला कळलंय" असं आपण म्हणतो. त्याला एवढंच कळलेलं असतं की माणूस दारातून आला की ओरडतो. मग दाराची भीती दुप्पट होते.

पायताणाची करकर

आपण निघण्याच्या आधीच कुत्र्याला ते कळलेलं असतं. आमच्याकडे क्रम ठरलेला : डबा पिशवीत, केसांना क्लिप, स्कूटरची किल्ली, मग पायताण. माझ्या कोल्हापुरी चपला नव्या होत्या, चांगल्या करकर वाजायच्या. फरशीवर दोन पावलं करकर झाली की चिंगी झोपेतून ताडकन उठून दाराशी. व्हिडिओ नीट बघितल्यावर लक्षात आलं की तिची धास्ती दार लागल्यावर सुरू होतच नव्हती, चपलांपासून सुरू होत होती.

उपाय सोपा पण चिकाटीचा आहे. त्या खुणांचा आणि जाण्याचा संबंध तोडायचा. मी पायताण घालून स्वयंपाकघरात कांदा चिरायला बसले. किल्ली हातात घेऊन टीव्ही बघितला. हेल्मेट घालून कपडे वाळत घातले. दिवसातून पाच-सात वेळा, एका वेळी एकच खूण, आणि त्यानंतर कुठेही जायचं नाही. पहिले तीन दिवस चिंगी प्रत्येक वेळी उठली. आठव्या दिवशी करकर ऐकून तिनं एक डोळा उघडला आणि मिटला. मला त्या क्षणी रडूच आलं.

दाराचा सराव

आता मुख्य काम. तत्त्व एकच : कुत्रं घाबरायच्या *आधी* परत यायचं. घाबरल्यानंतर परतलात तर सराव वाया जातो.

आमच्या वहीतली सुरुवात अशी होती : दाराकडे चालत जाऊन परत. कडीला हात लावून परत. दार उघडून परत. एक पाऊल बाहेर. दार ओढून घेऊन एक सेकंद, मग दोन, मग पाच. एका बैठकीत अशा पाच-सहा फेऱ्या, एकूण दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवस सुट्टी हवीच, कुत्र्यालाही आणि आपल्यालाही.

वेळ सरळ चढवत नेऊ नका. पाच, आठ, तीन, दहा, चार, बारा सेकंद असं वर-खाली ठेवा. प्रत्येक फेरी आधीपेक्षा लांबच असते हे कुत्र्याला चटकन कळतं आणि ते ताणून बसतं. दुसरा मोबाईल आत ठेवून व्हिडिओ कॉल लावा आणि बाहेरून बघत राहा. कान मागे जाणं, जांभई, ओठ चाटणं, दाराशी येऊन स्तब्ध होणं ही परतण्याची वेळ. कुंई ऐकू आलं तर तुम्ही उशीर केलात. आत जा, त्या दिवशी थांबा, उद्या निम्म्या वेळेपासून धरा.

जिना उतरणं, फाटकाची कडी, स्कूटर सुरू होण्याचा आवाज, या प्रत्येकाची वेगळी पायरी करा. दाराबाहेर तीन मिनिटं शांत राहणारी चिंगी स्कूटरचा आवाज आला की दहा सेकंदांत उठायची, म्हणून आम्हाला स्कूटरसाठी पुन्हा शून्यापासून यावं लागलं.

आम्हाला पाच मिनिटांपर्यंत पोहोचायला तीन आठवडे लागले, चाळीस मिनिटांपर्यंत दहा. पहिली मिनिटं फार हळू सरकतात. तासाच्या पुढे गेल्यावर मात्र वेळ झरझर वाढला. तीन आठवड्यांनंतरही पाच मिनिटंच झालीत म्हणून सोडून देऊ नका.

बाकीच्या दोघांचं काय करायचं

एकट्या कुत्र्यासाठी लिहिलेले सल्ले इथे अपुरे पडतात. सगळ्यांना एकत्र ठेवून सराव केला तर तुम्ही बाहेरून बघताय ती कुणाची धास्ती, हेच कळत नाही. चिंगी शांत असायची, वाघ्या खेळायला म्हणून भुंकायचा आणि त्या भुंकण्यानं ती दचकायची.

म्हणून पहिले पाच आठवडे सराव फक्त चिंगीचा. त्या वेळी वाघ्याला हे टेकडीवर किंवा रंकाळ्याला फिरवून आणायचे आणि मोत्या मागच्या खोलीत सासूबाईंजवळ. मग चिंगीसोबत मोत्या, कारण तो काहीही झालं तरी झोपतो. ती जोडी दहा मिनिटं शांत राहिली तेव्हा वाघ्याला आत घेतलं, आणि प्रत्येक वेळी नवं कुत्रं आत आलं की वेळ निम्मा केला. तुमच्याकडेही घरातल्या सर्वांत निवांत कुत्र्यापासून जोडी लावायला सुरुवात करा.

खाण्याबाबत फार सांभाळा. "जाताना चघळायला काहीतरी द्या" हा सल्ला सगळे देतात, पण अनेक कुत्र्यांच्या घरात त्यावरून मारामाऱ्या होतात आणि सोडवायला तुम्ही घरी नसता. थाळीत दही-भात थापून फ्रीजरमध्ये घट्ट केला की कुत्रं वीस मिनिटं चाटत बसतं, छान उपाय आहे. फक्त प्रत्येकाची थाळी वेगळ्या खोलीत, दार लावून. आणि रविवारी मटणाच्या नळ्या कुत्र्यांना टाकायची आपल्याकडची सवय सोडा. शिजवलेलं हाड चिरफळतं, घशात-आतड्यात अडकतं, आणि तिघांत एक नळी म्हणजे भांडणाला आमंत्रणच. रश्श्यातला कांदा-लसूणही कुत्र्याला बाधतो.

आणखी एक : रोज प्रत्येक कुत्र्याला थोडा वेळ एकट्याचा द्या. तिघांना एकत्र फिरवलं की वेळ वाचतो हे खरं, पण आठवड्यातून तीन-चार वेळा चिंगी माझ्यासोबत एकटी विद्यापीठाच्या बाजूला यायची. मी ओढायची नाही. एका झाडाशी तिला पाच मिनिटं हुंगायचं असेल तर पाच मिनिटं थांबायचं. मनसोक्त हुंगून आलेलं कुत्रं घरी येऊन गाढ झोपतं; सराव त्यानंतर अर्ध्या तासानं ठेवायचा.

निघताना आणि परतताना काय करावं यावर लोक वाद घालतात. कुत्र्याकडे बघायचंच नाही असा जुना सल्ला मला पटला नाही. मी शांत आवाजात "येते गं" म्हणते आणि जाते. परतल्यावर तिघं उड्या मारत असतात, तेव्हा पिशवी ठेवेपर्यंत बोलत नाही, मग खाली बसून एकेकाला कुरवाळते.

शेजार, सण आणि सुट्ट्या

शेजाऱ्यांनी तक्रार करायची वाट बघू नका. आपणच जाऊन सांगा की कुत्रं आजारी आहे, उपाय चालू आहेत, तीन-चार महिने लागतील. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, अगदी बहुमतानंही. पण रोज सहा तास हेल ऐकणाऱ्या माणसाला कायदा ऐकवून काय मिळणार? काकूंना विश्वासात घेतलं म्हणूनच त्या मदतीला आल्या.

दिवाळीचे फटाके आणि गणपतीच्या मिरवणुकीतला दणदणाट ही वेगळी भीती आहे, तिचा उपचारही वेगळा. त्या दिवसांत दाराचा सराव बंद ठेवा आणि माणूस घरी ठेवा. फटाक्यात एकटं सापडलेलं कुत्रं महिन्याभराची कमाई एका रात्रीत घालवतं.

आमच्यासारख्या शिक्षकांच्या घरात मे महिना फसवा असतो. सुट्टीत सगळे चोवीस तास घरी, कुत्री खूश, आणि पंधरा जूनच्या सुमारास एके सकाळी घर अचानक रिकामं. आता आम्ही सुट्टीतही रोज एकदा तिघांना ठेवून बाहेर पडतो, भाजीला का असेना. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून तो वेळ वाढवत नेतो.

कुत्र्यांची एकमेकांत गाठ असेल तर

एकाच वेतातली दोन पिल्लं दयेपोटी एकदम घेणाऱ्यांना हे विशेष सांगायचं. ती पहिल्या आठवड्यापासून वेगळी जेवू द्या, वेगळी फिरवा, कधी वेगळ्या खोलीत झोपवा. नाहीतर दोन वर्षांनी एकाला ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवावं लागतं आणि घरी दुसरं अन्नपाणी सोडतं.

मोठ्या कुत्र्यांत हा सराव दाराच्या सरावासारखाच करायचा. मध्ये जाळीचं दार लावा, दोन्हीकडे एकेक माणूस आणि खाणं. आधी एकमेकांना बघत, मग जाळीवर चादर टाकून, मग एकाला फाटकाबाहेर नेऊन मिनिटात परत. घाबरायच्या आधी परत, हा नियम इथेही तोच.

मोत्याला आता तेरावं चालू आहे, मागच्या पायात जोर उरलेला नाही. म्हणून मार्चपासून हे आठवड्यातून दोनदा त्याला उचलून स्कूटरवर पुढे बसवतात आणि कळंब्याच्या बाजूला नेऊन आणतात. चिंगी सुरुवातीला खिडकीच्या कठड्यावर पाय ठेवून रस्ता बघत उभी राहायची. परवा वीस मिनिटांनी ती खाली उतरली, मोत्याच्या गोधडीवर दोन गिरक्या घेतल्या आणि वाघ्याच्या पाठीला पाठ लावून झोपली.